संगीत नाटकात नटी म्हणून उभं राहायचं तर

सांगलीच्या एका मुलीने विचारलं आहे: "ताई, माझं वय २३. शास्त्रीय गायनात विशारद झाले. गेल्या वर्षी राज्य नाट्य स्पर्धेच्या संगीत गटात 'सौभद्र'मधली सुभद्रा केली, लोकांनी नावाजलं. मला हेच करायचंय. घरचे म्हणतात, आधी बी.एड. कर, मग काय गायचं ते गा. गायिका-अभिनेत्री म्हणून आज पोट भरतं का? गाणं वाढवू की अभिनय? आणि एका निर्मात्याने नायिकेचं काम देऊ केलंय, पण पदं आधीच ध्वनिमुद्रित करणार, प्रयोगात नुसते ओठ हलवायचे. घेऊ का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या दोन्हींची निम्मी उत्तरं त्यातच आहेत. काम घेऊ नकोस. निर्मात्यावर माझा राग नाही. दोन वादकांची नाईट म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, त्यांचा प्रवास, त्यांच्यासोबतच्या जास्तीच्या तालमी, हे सगळं वाचतं म्हणून तो ट्रॅक लावतो; हिशेब त्याच्या बाजूने बरोबर आहे. तुझ्या बाजूने चुकतो. गाणं तू गुरूंकडे शिकशील, मैफलीत शिकशील, घरी तानपुरा लावून शिकशील. अभिनय गद्य नाटकात शिकता येतो. पण बोलता बोलता गाण्यात शिरणं आणि गाणं संपवून पुन्हा बोलण्यात उतरणं, हे समोर प्रेक्षक असताना, आपल्याच श्वासावर, आपल्या ऑर्गनवाल्याच्या भरवशावर करून बघितल्याशिवाय येत नाही. ट्रॅक नेमकी तीच जागा काढून घेतो. ट्रॅकवर कितीही प्रयोग केलेस तरी संगीत नाटकाच्या नटीचं जे खास काम, ते तुझ्या हातून एकदाही झालेलं नसेल. त्याला विचारून बघ, निदान दोन पदं प्रत्यक्ष गाऊ द्याल का. तेवढ्यावर तयार झाला तर पुढचं बोलता येईल.

आता बोलण्या-गाण्याचा हा सांधा म्हणजे काय, ते तुझ्याच भूमिकेवरून सांगते. सुभद्रेचं लग्न बलरामदादाने दुर्योधनाशी ठरवलंय, मन अर्जुनावर, अर्जुन तीर्थयात्रेला. ती सखीजवळ आपलं दुःख बोलते आणि 'वद जाऊ कुणाला शरण' सुरू होतं. परीक्षेला बसतेस तेव्हा तानपुरा आधीच लागलेला असतो, तू डोळे मिटून षड्जावर, म्हणजे सा वर, स्थिर होतेस, मग मुखडा उचलतेस. इथे ती सोय नाही. तू रडवेली आहेस, श्वास वर चढलाय, आणि त्याच श्वासात सूर लागायला हवा. म्हणून जाणता ऑर्गनवाला तुझ्या शेवटच्या वाक्याखाली हळूच षड्ज धरून ठेवतो. ते वाक्य त्या सुराच्या आसपास आणून बोलायचं. ऐकणाऱ्याच्या लक्षात येता कामा नये, इतकंच जवळ. मग 'वद' हा शब्द बोलल्यासारखा पडतो आणि 'शरण'पर्यंत पोचताना गाणं सुरू झालेलं असतं. कुठे सुरू झालं ते कुणाला सांगता येत नाही. ज्यांना हे जमत नाही त्या वाक्य पूर्ण करतात, दोन पावलं पुढे येतात, पदर सावरतात, ऑर्गनकडे एक नजर टाकतात आणि मग गातात. एवढ्या वेळात सुभद्रा निघून गेलेली असते, समोर विशारद झालेली एक मुलगी उभी असते.

पहिल्यांदा ओळ म्हणताना शब्द सरळ टाक. एकही हरकत नको. त्या मुलीवर काय संकट आलंय हे आधी शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळू दे. दुसऱ्यांदा ओळ आली की एखादी जागा घे. तानेचं काय ते तिसऱ्या वेळी बघू. आणि तान घेताना एक प्रश्न स्वतःला विचारत जा: ही तान मी कुणाला ऐकवतेय? सखीला ऐकवत असशील तर ती आपोआप आखूड होते. सभागृहाला ऐकवत असशील तर ती वाढत जाते आणि सखी बिचारी हात बांधून उभी राहते. तिच्या त्या उभं राहण्याने प्रसंग जास्त मरतो, हे फार थोड्या गाणाऱ्यांच्या ध्यानात येतं. तालमीतच दोघींनी ठरवून घ्या की समेवर तू तिच्याकडे बघशील, अंतऱ्याला ती तुझ्या जवळ येईल. एवढ्याने पद दोघींचं होतं.

पद संपल्यावरची बाजू तर कुणी शिकवतच नाही. टाळ्या पडतात, आणि टाळ्यांत पुढचं गद्य वाक्य वाहून जातं. टाळी ओसरायला लागली, पूर्ण थांबलेली नाही, त्या क्षणी पुढचं वाक्य थोडं वरच्या पट्टीत उचलायचं आणि दोन-तीन शब्दांत खाली आणायचं. वन्समोअर आला तर एकदा घे, ध्रुवपदापासून. पुन्हा तेच दुःख पहिल्यापासून उगाळू नकोस. दुसऱ्या वेळी ती थोडी थकलेली असू दे, गाणंही थोडं आतलं होऊ दे. दुसरा वन्समोअर आला तर नम्रपणे पुढच्या वाक्याला लाग. नाटक शिल्लक असतं अजून.

गाणं की अभिनय, याचं माझं उत्तर असं की तुझं गद्य वाढव. विशारद झालेल्या मुलींचं गाणं बहुधा पुरेसं असतं, बोलणं कच्चं असतं. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी यांची गद्य भाषा मोठमोठ्या श्वासांची आहे. 'एकच प्याला'मधली सिंधूची वाक्यं रोज मोठ्याने वाच, श्वास कुठे घ्यायचा त्या जागा पेन्सिलीने खुणा करून पक्क्या कर. ज्या दिवशी ती वाक्यं घरात बोलल्यासारखी येतील, त्या दिवशी 'कशि या त्यजू पदाला' आपोआप अर्धं सोपं होईल. पदाचा भाव त्याच्या आधीच्या चार वाक्यांत ठरतो.

हे मी आजच्या सवयीने बोलते असं समजू नकोस. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ज्या ज्या बाईने या रंगभूमीवर नाव काढलं, तिने हा सांधा आपल्या पद्धतीने घातलाय. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' झालं तेव्हा आणि पुढे कितीतरी वर्षं आपल्या या भूमिका पुरुषच करत होते. भाऊराव कोल्हटकर, मग बालगंधर्व. बालगंधर्वांनी 'स्वयंवर'ची रुक्मिणी, 'एकच प्याला'ची सिंधू, 'मानापमान'ची भामिनी अशा उभ्या केल्या की बायका त्यांच्यासारखं नेसायला लागल्या. गाणं भास्करबुवा बखल्यांच्या तालमीतलं, तबल्याला थिरकवा, आणि प्रयोग रात्रभर. वेळ हातात होता, प्रेक्षक गाण्यासाठीच आलेला असे; पद फुललं की कथा थांबायची आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. 'शाकुंतला'त दोनशेच्या आसपास पदं होती, हे आज ऐकूनच दम लागतो.

मग तुझ्या शेजारच्या मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर. स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करायच्या म्हणून भावंडांना घेऊन त्यांनी स्वतःची नाटकमंडळी काढली. कंपनी टिकली नाही, कर्ज झालं, आणि त्यातून बाहेर काढलं ते त्यांच्या मैफलींनी. पोट भरतं का, असं विचारतेस ना? या प्रश्नाचं वय बरंच आहे. हिराबाईंच्या वेळीही नाटक तोट्यात आणि बैठक त्याला सावरणारी, असाच हिशेब होता.

ज्योत्स्ना भोळ्यांचं मला फार वाटतं, कारण नटीच्या गाण्याची मापंच त्यांनी बदलली. मूळ गोव्याच्या. १ जुलै १९३३ ला नाट्यमन्वंतर या संस्थेने मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' केलं. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, पदं मोजकी, चाली केशवराव भोळ्यांच्या. पल्लेदार ताना नाहीत. दिवाणखान्यात बसलेली बाई सहज गुणगुणेल तसं गाणं. जुन्या रसिकांपैकी काहींनी नाकं मुरडली असतील, पण त्या गाण्यात बोलण्यापासूनचं अंतर एकदम कमी झालं होतं. पुढे १९४२ मध्ये मो. ग. रांगणेकरांचं 'कुलवधू' आलं, संगीत मास्टर कृष्णरावांचं, आणि 'बोला अमृत बोला' घराघरांत गेलं. ते पद एकदा कानात प्राण आणून ऐक. सूर मजबूत आहे, ताकद सगळी आहे, आणि तरी ती बाई कुणाशी तरी बोलतेय हे एक क्षणही सुटत नाही. तुला एकच आदर्श निवडायचा असेल तर मी ज्योत्स्नाबाई निवडीन. गंधर्व गायकीची भक्त मंडळी मला बोलतील, बोलू देत.

शिलेदार घराण्याने उलटा रस्ता धरला. जयराम शिलेदारांनी १९४९ मध्ये 'मराठी रंगभूमी' ही संस्था काढली. बोलपट आणि मग महागाई यांनी संगीत नाटक मोडीत काढल्याचं सगळे म्हणत होते, त्या काळात. जयमालाबाईंनी गंधर्व गायकी तशीच भरजरी ठेवली, पण ती तीन-साडेतीन तासांच्या प्रयोगात बसवली. कुठली तान ठेवायची, कुठली सोडायची, याचं संपादन त्यांच्या गळ्यात होतं. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी त्या गेल्या. त्यांच्या कन्या कीर्ती शिलेदार (१९५२–२०२२) लहान वयात रंगमंचावर आल्या. विद्याधर गोखल्यांच्या 'स्वरसम्राज्ञी'त तमाशातल्या मैनेची ख्यालगायिका होताना दाखवायची होती. म्हणजे एकाच प्रयोगात लावणीचा उघडा आवाज आणि शेवटाकडे ख्यालाचा बांधलेला आवाज. आवाज बदलतोय हेच तिथे नाटक. संगीत नीळकंठबुवा अभ्यंकरांचं, आणि तेच कीर्तीताईंचे गुरू. शिकवणारा, चाली बांधणारा आणि गाणारी यांची अशी सलग जोडी असली म्हणजे काय होतं ते त्या भूमिकेत दिसलं. २०१८ च्या मुलुंडच्या नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. एक लक्षात घे, दोघी मायलेकींना घरची संस्था होती. नाटक कुठलं करायचं, प्रयोग कधी लावायचा, हे घरात ठरायचं. तोटाही अर्थात घरातच यायचा.

साठच्या दशकातल्या दोघी वेगळ्या कारणासाठी सांगते. 'मत्स्यगंधा' १९६४ मध्ये आलं, धी गोवा हिंदू असोसिएशनचं. आशालता वाबगावकर सत्यवती. 'गर्द सभोवती रान साजणी' आणि 'अर्थशून्य भासे मज हा', जितेंद्र अभिषेकींच्या चाली. इतकं गाजलेलं काम केलेल्या या बाईंची पुढची कितीतरी वर्षं मराठी-हिंदी चित्रपटांतल्या चरित्रभूमिकांत गेली, जिथे गाण्याचा संबंधच नव्हता. दुसऱ्या सोलापूरच्या फैय्याज. १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'त वसंतराव देशपांड्यांच्या खाँसाहेबांसमोर झरीना. समोर वसंतराव म्हटल्यावर गळ्याने स्पर्धा करायला जाणं हा वेडेपणा ठरला असता; त्यांनी झरीना बापाकडे बघणाऱ्या मुलीच्या नजरेने उभी केली, गाणं मागून आलं. पुढे लावणी, गद्य नाटक, मैफल सगळं केलं, आणि २०१५ च्या बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. दोघींचंही सगळं आयुष्य नुसत्या संगीत नाटकावर गेलेलं नाही. मोठं नाव असून नाही.

आणि अलीकडचं बघायचं तर 'संगीत देवबाभळी' बघितलं नसशील आणि बघायला मिळालं तर आधी बघ. प्राजक्त देशमुखांचं, २०१७ च्या अखेरीस व्यावसायिक रंगभूमीवर आलं. पायात काटा रुतलेली आवली आणि तिची सेवा करायला लखुबाई होऊन आलेली रखुमाई, शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी. रंगमंचावर दोनच बायका, सगळा भार त्यांच्या गळ्यावर आणि अंगावर. तिथे गाणं हाताच्या कामातून निघतं, ओवी निघावी तसं. बोलणं कुठे संपलं हे शोधावं लागतं. ज्योत्स्नाबाईंनी जे अंतर कमी केलं होतं ते इथे जवळजवळ उरलेलंच नाही.

आता एक तांत्रिक गोष्ट, जिच्यामुळे मुलींचे गळे फुकट जातात. पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला आपला सा धरायचा ते. सगळे पुरुषच गात होते तेव्हा अख्खं नाटक एका-दोन पट्ट्यांत निभायचं. बाई आली आणि अडचण झाली. अर्जुन काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून गातो, तू काळी चारला मोकळी गातेस. हौशी संचांत काय होतं? ऑर्गनवाला म्हणतो, ताई, जरा काळी दोनला घ्या ना, म्हणजे दोघांचं जमेल. तू घेतेस. खालच्या षड्जाला आवाज जमिनीवर घासतो, ऐकू जावा म्हणून तू जोर लावतेस, आणि दुसऱ्या अंकात घसा बसलेला. हे करायचं नाही. काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार. त्याचा पंचम तो तुझा षड्ज धरायचा. तबल्याचा दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, काळी चारला मिळवला की तो तुझा सा आणि त्याचा प, दोघांनाही चालतो, मधे हातोडी लागत नाही. तू काळी तीनला गाणारी असशील तर तो त्याचा मध्यम होतो. तेव्हा मात्र त्याच्या पदाचा राग बघायचा. यमनासारख्या शुद्ध मध्यम नसलेल्या रागात मध्यमाचा तबला डोक्यात जातो, दुसरा तबला ठेवावाच लागतो. दोघांचं एकत्र पद असेल तर कुणाची ओळ कुठल्या सा वर, आणि मधे ऑर्गनवर दोन मात्रांची वाट कशी करायची, हे कागदावर लिहून ठेव. पट्टीवर तडजोड मागणाऱ्याला हा उपाय दाखवायचा. त्याला नुसतं 'नाही' म्हणालीस तर तू मिजासखोर ठरतेस.

अंगाचं थोडं. नऊवारी नेसवताना कमरेची गाठ बांधायच्या क्षणी श्वास पूर्ण भरून घे, बरगड्या फुगवून, आणि मग बांधू दे. पोट आत घेऊन बांधलेली गाठ पहिल्या लांब ओळीलाच तुझ्याशी वैर धरते. बसून पद असेल तर तालमीपासून लुगडं नेसूनच बस, पंजाबी ड्रेसवर केलेली तालीम उपयोगाची नाही. काष्टा घातल्यावर बैठक बदलते, उठायला वेळ लागतो आणि तुझ्या उठण्यावर समोरच्याचं वाक्य असतं. कॉलर माइक असेल तर काचेच्या बांगड्या छातीजवळ नेऊ नकोस, सगळ्या सभागृहात किणकिण ऐकू जाते. दौऱ्यात आवाज प्रयोगात कमी आणि गाडीत जास्त खराब होतो. इंजिनाच्या आवाजावर चढून गप्पा मारायच्या, अंताक्षरी खेळायची, उतरून थंडगार काहीतरी प्यायचं आणि संध्याकाळी सुभद्रा! गाडीत गप्प बसणारीला लोक शिष्ट म्हणतात, म्हणू देत. आवाज बसला आणि तीन आठवडे उलटूनही सुटला नाही तर ज्येष्ठमध चघळत न बसता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र बघून घ्यायचं.

पोटाचं आता सरळ सांगते. नुसत्या संगीत नाटकाच्या नाईटवर महिना चालत नाही. कुठल्या महिन्यात प्रयोग लागतील हे निर्मात्यालाही माहीत नसतं. ज्या टिकतात त्यांचं उत्पन्न चार ठिकाणांहून येतं: प्रयोग, नाट्यगीतांचे कार्यक्रम, शिकवण्या, आणि मालिका किंवा डबिंग. नाट्यगीतांच्या कार्यक्रमांना मागणी बऱ्यापैकी आहे, कारण नेपथ्य नाही, कपडेपट नाही, चार वादक आणि एक निवेदक. तिथे पैसा आहे, पण तिथली सवय घातक. निवेदक सगळा प्रसंग सांगून टाकतो आणि तुला थेट मुखड्यावर आणून सोडतो. वर्षानुवर्षं तेच केलंस तर बोलण्यातून गाण्यात जायची वाट बुजते. म्हणून आयोजकाला सांगून दोन पदांच्या आधीचं गद्य स्वतः बोल. लोकांना आवडतं, मी बघितलंय.

बी.एड.ला माझा विरोध नाही. घरच्यांची काळजी खरी आहे. फक्त नोकरी अशी घे जिथे शनिवार-रविवार आणि दौऱ्याचे दिवस मोकळे राहतील, नाहीतर पहिल्याच वर्षी 'ती येऊ शकत नाही' असं नाव पडतं, आणि ते नाव पुसायला फार वेळ लागतो. तुझं वय बसतंय तोवर केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या तरुण कलाकारांच्या शिष्यवृत्तीला अर्ज कर. १८ ते २५ वयोगट, २ वर्षं, दरमहा ५००० रुपये. आकाशवाणीची ऑडिशन देऊन श्रेणी मिळवून ठेव, पुढे दहा ठिकाणी तिचा उपयोग होतो. पूर्ण वेळ शिकायचं असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, जिथे नाट्य आणि संगीत एकाच आवारात शिकवलं जातं. गाणारीने तिथे नाट्यविभागाच्या तालमींना जाऊन बसावं. गोव्यात जत्रा-उत्सवांतून संगीत नाटकं अजून होतात, पहाटेपर्यंत बसणारा प्रेक्षक तिथे आहे. पुण्यात भरत नाट्य मंदिर, रत्नागिरीत खल्वायन, यांनी ही नाटकं जिवंत ठेवलीत. त्यांचे प्रयोग बघायला जा, रंगपटात जाऊन भेट, तालमीला बसू द्याल का विचार. आपल्याकडे बोलावणी जाहिरातीतून येत नाहीत. कुणीतरी आजारी पडतं, कुणाचं लग्न होतं, आणि 'अमुक मुलीला भूमिका पाठ आहे' हे कुणाला तरी आठवतं.

म्हणून पाठ असू दे. सुभद्रा झालीच आहे. तिच्या जोडीला 'शारदा'तली शारदा आणि 'स्वयंवर'ची रुक्मिणी गद्यासकट तयार ठेव. शारदा आधी. १८९९ चं नाटक, देवल तुझ्या सांगलीजवळच्या हरिपूरचे, भाषा आजही जिभेवर सहज बसते आणि 'मूर्तिमंत भीती उभी' हे पद गळ्यापेक्षा जास्त तुझी नजर तपासतं. रुक्मिणीला घाई करू नकोस. 'नाथ हा माझा'चा यमन आणि 'मम आत्मा गमला'चा बिहाग गाता येणं वेगळं आणि ते म्हणत असताना राजकन्या राहणं वेगळं. आणि समोरच्याची पदंही पाठ कर. अर्जुनाचा गळा ऐन वेळी बसला तर त्याची ओळ कुठे तोडायची आणि पुढचा क्यू कसा द्यायचा हे तुला ठाऊक असलं पाहिजे.

कधी स्वतः नाटक उभं करायचं ठरवलंस तर एवढं ध्यानात ठेव. किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर यांची नाटकं आता स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेर आहेत, कारण लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं उलटली की हक्क संपतो. विद्याधर गोखले, वसंत कानेटकर यांच्या नाटकांना मात्र वारसांची परवानगी लागते. चालींचा विचार वेगळा करावा लागतो. शब्द मोकळे झाले म्हणून नंतर कुणी बांधलेली चाल मोकळी होत नाही. आणि तिकीट लावायच्या आधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते, जुनं नाटक असलं तरी आधी चौकशी करून घे.

वयाचं तू विचारलं नाहीस, पण विचारशीलच. चाळिशीनंतर पट्टी अर्ध्या किंवा एका स्वराने उतरते, बाळंतपणानंतर श्वास परत बसवायला वेळ लागतो. पट्टी उतरवायला लाजू नये. काळी चारची नटी काळी तीनला गाऊ लागली म्हणून प्रेक्षक उठून जात नाहीत. जुन्या पट्टीत ओढून गाते तेव्हा जातात. नायिकांच्या भूमिका कधी सोडायच्या हे आरशाला नको, ऑर्गनवाल्याला विचार. त्याला दोन वर्षं आधी कळलेलं असतं.

ऑर्गनवाल्यावरून आठवलं. आता तुझ्यापुढचं पहिलं काम तेच आहे. गोविंदराव पटवर्धनांसारखी साथ आता कुठून मिळणार, पण पायपेटीवर नाहीतर साध्या पेटीवर बसणारा, नाटकाचं गद्य ऐकणारा एक मुलगा किंवा मुलगी शोध. गाणं ऐकून साथ करणारे पुष्कळ आहेत. तुझं वाक्य ऐकून सूर धरणारा हवा. मिरजेत वाद्यं दुरुस्त करणाऱ्यांकडे विचार, त्यांना आसपासचा प्रत्येक वाजवणारा ठाऊक असतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी बसा, आणि पदं वाजवायच्या आधी त्याला 'सौभद्र'ची संहिता हातात दे.